तोंडाच्या कॅन्सरचं पुढे काय होणार, हे जनुकं सांगू शकतात का?

समजा, दोन रुग्ण आहेत. दोघंही पंचेचाळिशीतले. दोघंही वीस वर्षांपासून तंबाखू-चुना मळून खाणारे. दोघांच्या जिभेच्या कडेला दोन सेंटिमीटरची जखम. बायॉप्सीचा रिपोर्ट सारखा, ऑपरेशनही सारखंच. पाच वर्षांनी त्यातला एक जण ठणठणीत आहे, फॉलोअपला येतो आणि डॉक्टरांशी गप्पा मारून जातो. दुसऱ्याच्या मानेत मात्र वर्षभरातच गाठ आली आणि आज तो या जगात नाही.

असं का होतं? आणि हा फरक ऑपरेशनच्या आधीच ओळखता आला असता तर?

जगभरातले संशोधक याच प्रश्नाचं उत्तर कॅन्सरच्या पेशींमधल्या जनुकांत शोधत आहेत. 'तोंडाच्या कॅन्सरचं भविष्य सांगणारे जीन सापडले' अशा बातम्या म्हणूनच अधूनमधून फोनवर येऊन धडकतात. त्या वाचून कुणाला आशा वाटते, कुणी घाबरतं, तर कुणी थेट लॅबला फोन लावतं.

या बातम्यांमध्ये तथ्य किती? थोडक्यात सांगायचं तर, जनुकं बरंच काही सांगतात. पण तोंडाच्या कॅन्सरमध्ये एखाद्या रुग्णाचे उपचार केवळ त्यावरून ठरवावेत, इतकं खात्रीने ती अजून सांगत नाहीत. असं का, ते समजून घेऊ.

हा प्रश्न भारतासाठी इतका महत्त्वाचा का?

ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार, जगात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे वर्षाला सुमारे ३ लाख ८९ हजार नवे रुग्ण सापडतात. त्यातले सुमारे १ लाख ४३ हजार एकट्या भारतात असतात. म्हणजे जगातल्या दर तीन रुग्णांमागे एकाहून जास्त रुग्ण आपल्या देशातला. भारतात दरवर्षी सुमारे ८० हजार जण या आजाराने दगावतात.

यामागची कारणं नवी नाहीत. तंबाखू, गुटखा, मावा, खर्रा, मिश्री आणि सुपारी. यात सुपारीला अनेक जण निरुपद्रवी समजतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी तंबाखू-सुपारीची सवय काही सुटलेली नाही.

बायोमार्कर म्हणजे नेमकं काय?

शरीरात मोजता येणारी अशी खूण, जी आजाराबद्दल काहीतरी सांगते, तिला बायोमार्कर म्हणतात. रक्तातली साखर हा डायबेटिसचा बायोमार्करच आहे. कॅन्सरमध्ये ही खूण एखाद्या जनुकातला बिघाड असू शकते, एखादं प्रथिन जास्त तयार होणं असू शकतं किंवा अनेक जनुकं मिळून किती काम करतात याचा एकत्रित नमुना असू शकतो.

इथे दोन प्रकारच्या खुणांमध्ये फरक करावा लागतो, कारण बातम्यांमध्ये त्यांची सर्रास सरमिसळ होते.

पहिल्या प्रकारची खूण आजार पुढे कसा वागेल ते सांगते. हा कॅन्सर पसरेल का, परत येईल का, रुग्ण किती काळ जगेल, असे प्रश्न तिच्या वाट्याला येतात. दुसऱ्या प्रकारची खूण एखादा विशिष्ट उपचार लागू पडेल का ते सांगते.

पहिली खूण हवामानाच्या अंदाजासारखी आहे. पाऊस येणार हे कळलं, पण हातात छत्री नसेल तर तो अंदाज ऐकूनही तुम्ही भिजणारच. डॉक्टरांना खरा उपयोग होतो तो खुणेवरून उपचारांचा निर्णय बदलता आला तर.

ब्रेस्ट कॅन्सरमध्ये हे साध्य झालं आहे. तिथे गाठीतली २१ जनुकं तपासणारी एक टेस्ट आहे. १० हजारांहून जास्त महिलांचा सहभाग असलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. या टेस्टचा स्कोअर मधल्या पट्ट्यात आलेल्या बहुतेक महिलांना केमोथेरपी टाळता येते, असं त्यातून दिसलं. तोंडाच्या कॅन्सरला अशी टेस्ट अजून मिळालेली नाही.

जनुकात बिघाड म्हणजे आजार आनुवंशिक का?

'जीन' हा शब्द ऐकला की घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो. बाबांच्या रिपोर्टमध्ये जनुकातला बदल आलाय, मग मुलांनाही धोका आहे का?

बहुतेक रुग्णांच्या बाबतीत याचं उत्तर 'नाही' असं आहे. तोंडाच्या कॅन्सरमधले बहुतांश बदल जन्मतः नसतात. वर्षानुवर्षं तंबाखू आणि सुपारीचा मारा झाल्यावर तोंडाच्या त्वचेतल्या पेशींमध्ये ते घडतात. ते त्या गाठीपुरतेच राहतात आणि मुलांकडे जात नाहीत. फॅन्कोनी ॲनिमियासारखे काही दुर्मीळ आनुवंशिक आजार याला अपवाद आहेत. मुलांकडे खरोखर जाऊ शकते ती तंबाखूची सवय.

भारतीय रुग्णांमध्ये कोणती जनुकं बिघडलेली सापडली?

पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कॅन्सर जास्त करून जिभेला होतो. आपल्याकडे तंबाखूची गोळी गालात दाबून ठेवायची सवय असल्यामुळे गाल आणि हिरडी यांच्यामधल्या भागात तो मोठ्या प्रमाणावर दिसतो. तिकडचं संशोधन जसंच्या तसं इथे लागू होईलच असं नाही. म्हणून इथल्या रुग्णांचा वेगळा अभ्यास गरजेचा होता.

आंतरराष्ट्रीय कॅन्सर जीनोम प्रकल्पात भारताने नेमका हाच कॅन्सर निवडला. पश्चिम बंगालमधल्या कल्याणी इथली राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि नवी मुंबईत खारघरला असलेलं टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे केंद्र या कामात पुढे होते. त्यांचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी ५० रुग्णांच्या गाठींमधली जनुकं वाचण्यात आली आणि नंतर आणखी ६० रुग्णांमध्ये ती पडताळून पाहिली गेली.

टीपी५३, फॅट१, कॅस्प८, एचरास आणि नॉच१ ही आधीपासून माहीत असलेली जनुकं इथेही बिघडलेली दिसली. त्यांच्या जोडीला यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशी काही नवी नावं पुढे आली. सगळ्या गाठी एकाच साच्यातल्या नाहीत, त्यांचे जनुकांवरून वेगवेगळे गट पडतात, हेही या अभ्यासात दिसलं.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम ॲटलास प्रकल्पाने डोकं आणि मानेच्या २७९ गाठींचा अभ्यास मांडला. तोंडाच्या कॅन्सरमधला एक छोटा गट त्यात वेगळा उठून दिसला. त्यात एचरास आणि कॅस्प८ या जनुकांमध्ये बदल होते, पण गुणसूत्रांची मोठी मोडतोड झालेली नव्हती. या गटातल्या रुग्णांची प्रकृती तुलनेने चांगली राहिली.

म्हणजे सुरुवातीच्या दोन रुग्णांमधल्या फरकामागे काहीतरी जैविक कारण असू शकतं. पण त्यावरून एका रुग्णाचं भविष्य सांगता येतं का?

टीपी५३ बिघडलं म्हणजे धोका जास्त का?

टीपी५३ हे पेशीतल्या पहारेकऱ्यासारखं जनुक आहे. पेशीच्या डीएनएमध्ये बिघाड झाला की ते पेशीची वाढ थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं आणि दुरुस्ती शक्य नसेल तर पेशीला मरायला लावतं. हा पहारेकरीच निकामी झाला की बिघडलेल्या पेशी मोकाट वाढतात.

डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या ४२० रुग्णांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त रुग्णांच्या गाठीत टीपी५३ बिघडलेलं होतं. ज्यांच्यात या जनुकाचं काम पूर्ण कोलमडेल असा बिघाड होता, त्यांचं आयुर्मान इतरांपेक्षा कमी राहिलं.

हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, पण त्याला दोन मर्यादा आहेत.

पहिली म्हणजे, तोंडाच्या कॅन्सरमध्ये टीपी५३ चा बिघाड खूपच सर्रास आढळतो. जी खूण बहुतेकांकडे आहे, तिच्यावरून कोण तरेल आणि कोण नाही हे वेगळं काढणं अवघड जातं. दुसरी म्हणजे, हा बिघाड सापडला म्हणून आज उपचार बदलत नाहीत. हा पहारेकरी पुन्हा कामाला लावणारं औषध डॉक्टरांच्या हातात नाही.

उलट एचरासच्या बाबतीत थोडी आशा दिसली. टिपिफार्निब नावाच्या औषधाच्या छोट्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. एचरासचा बदल मोठ्या प्रमाणात असलेल्या २० रुग्णांपैकी ११ जणांच्या गाठी औषधाने लक्षणीयरीत्या लहान झाल्या. इथे खूण आणि औषध यांची जोडी जमली. पण एचरासचा असा बदल डोकं-मानेच्या कॅन्सरच्या मोजक्याच रुग्णांमध्ये असतो आणि २० ही संख्याही फार लहान आहे.

जनुकांची टेस्ट खरोखर कुठे कामी येऊ शकते?

याचं उत्तर मानेत आहे.

तोंडाचा कॅन्सर पसरतो तेव्हा आधी मानेतल्या लसिका ग्रंथींमध्ये जातो. सुरुवातीच्या टप्प्यात या ग्रंथी हाताला लागत नाहीत आणि स्कॅनमध्येही साफ दिसतात. तरीही साधारण २० ते ३० टक्के रुग्णांमध्ये कॅन्सरच्या पेशी तिथे आधीच लपून बसलेल्या असतात.

मग सगळ्यांच्याच मानेचं ऑपरेशन करायचं की गाठ दिसेपर्यंत थांबायचं? डॉक्टरांमध्ये हा वाद अनेक दशकं चालला. त्याचं उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने दिलं. तिथल्या ५०० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या मानेचं ऑपरेशन तोंडाच्या ऑपरेशनसोबतच केलं, त्यांच्यापैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते. गाठ दिसल्यावर ऑपरेशन करू म्हणून थांबलेल्यांमध्ये हे प्रमाण ६७.५ टक्के होतं.

आज मानेचं ऑपरेशन सोबतच करण्याकडे कल आहे तो यामुळेच. पण त्याची किंमतही आहे. ज्यांच्या मानेत कॅन्सर पोहोचलेलाच नव्हता, अशा साधारण ७० ते ८० टक्के लोकांनाही हे ऑपरेशन सोसावं लागतं. नंतर अनेकांचा खांदा दुखतो, हात पूर्ण वर जात नाही. सुतारकाम, रंगकाम, हमाली करणाऱ्या माणसासाठी हा पोटापाण्याचा प्रश्न होतो.

समजा, कुणाच्या मानेत कॅन्सर गेलेला नाही हे एखादी टेस्ट खात्रीने सांगू शकली, तर हजारो लोकांचं हे ऑपरेशन वाचेल.

नेदरलँड्समधल्या युट्रेक्टच्या संशोधकांनी २००५ मध्ये नेमका हाच प्रयत्न केला. गाठीतल्या १०२ जनुकांच्या नमुन्यावरून मानेत कॅन्सर गेला आहे का, याचा अंदाज त्यांनी बांधला. २०१२ मध्ये देशातल्या वेगवेगळ्या हॉस्पिटलमधल्या रुग्णांवर अशा टेस्टची पडताळणी झाली. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांमध्ये नेहमीच्या तपासणीतून मानेतला कॅन्सर सुटून जाण्याचं प्रमाण २८ टक्के होतं. टेस्टची जोड दिल्यावर ते ११ टक्क्यांवर येईल, असं त्यातून दिसलं.

२८ वरून ११ ही मोठी झेप आहे. पण रुग्णाच्या जागी बसून विचार केला तर? टेस्टने 'मान साफ आहे' असं सांगितलेल्या १०० जणांपैकी ११ जणांच्या मानेत कॅन्सर असेल आणि त्यांचं ऑपरेशन राहून जाईल. उशीर झाला तर काय होतं, हे टाटाच्या चाचणीने दाखवलंच आहे. तोंडाच्या कॅन्सरमधल्या जनुक चाचण्यांचं घोडं अडलंय ते इथेच. अंदाज चांगला आहे, पण त्याच्या भरवशावर ऑपरेशन सोडून द्यावं इतका पक्का नाही.

अंदाज बरोबर ठरला, तरी उपयोग झाला नाही

आणखी एक उदाहरण बघू. तोंडात पांढरे चट्टे आलेल्या सगळ्यांनाच कॅन्सर होत नाही. मग कुणाला होईल? चट्ट्यातल्या पेशींमध्ये गुणसूत्रांचे ठरावीक तुकडे गहाळ असतील तर धोका जास्त, असं संशोधकांना दिसलं होतं.

अमेरिकेत ३९५ जणांवर हे तपासण्यात आलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष आले. तुकडे गहाळ नसलेल्यांपैकी ८७ टक्के लोक तीन वर्षांनी कॅन्सरमुक्त होते. ज्यांच्यात ते गहाळ होते, त्यांच्यात हे प्रमाण ७४ टक्के होतं. म्हणजे खुणेने दिलेला इशारा बरोबर निघाला.

पण जास्त धोका असलेल्या १५० जणांपैकी काहींना एर्लोटिनिब हे औषध आणि काहींना औषध नसलेली गोळी देऊन बघितली, तेव्हा दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. पाऊस येणार हे बरोबर कळलं होतं, छत्री मात्र फाटकी निघाली.

बातम्या येतच राहतात, मग हॉस्पिटलमध्ये टेस्ट का पोहोचत नाही?

याला प्रामुख्याने चार कारणं आहेत.

एक, रुग्णांची संख्या. माणसाच्या शरीरात सुमारे २० हजार जनुकं प्रथिनं बनवतात. शंभर-दोनशे रुग्णांच्या माहितीत एवढी जनुकं चाळली, तर त्या गटापुरता जुळणारा नमुना कुठे ना कुठे सापडतोच. दुसऱ्या हॉस्पिटलच्या रुग्णांना तो लावला की जुळत नाही.

दोन, एकच माहिती पुन्हा पुन्हा वापरणं. असे बरेच अभ्यास इंटरनेटवर खुल्या असलेल्या त्याच त्या माहितीसाठ्यांवर केलेले असतात. त्यात अमेरिकी आणि युरोपीय रुग्ण जास्त असतात. खर्रा खाणाऱ्या नागपूरच्या रुग्णाच्या गालातली गाठ तशीच वागेल, हे गृहीत धरता येत नाही.

तीन, वेगवेगळ्या आजारांची सरमिसळ. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणारा कॅन्सर बऱ्याचदा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. तिथे पी१६ नावाच्या प्रथिनाची खूण खरोखर उपयोगी आहे. २०१० च्या एका अभ्यासात, एचपीव्ही असलेल्या गाठींचे ८२.४ टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते. विषाणू नसलेल्या गाठींमध्ये हे प्रमाण ५७.१ टक्के होतं. पण हा नियम घशाच्या कॅन्सरचा आहे. गाल, हिरडी किंवा जिभेच्या पुढच्या भागाच्या कॅन्सरला तो लावता येत नाही. हेडलाइनमध्ये मात्र दोन्ही 'तोंडाचा कॅन्सर' म्हणूनच खपून जातात.

चार, संशोधनाची विश्वासार्हता. नॉर्वेचे संशोधक योन सूदबो यांनी तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांमधल्या डीएनएच्या प्रमाणावरून कॅन्सरचा अंदाज बांधता येतो, असे शोधनिबंध नामांकित नियतकालिकांत प्रसिद्ध केले होते. २००५ मध्ये त्यांनी तोंडाच्या कॅन्सरवर आणखी एक शोधनिबंध लिहिला. त्यात ९०८ जणांची माहिती होती आणि त्यातल्या २५० जणांची जन्मतारीख एकच होती. ती माणसंच बनावट निघाली. २००६ मध्ये हा निबंध आणि चट्ट्यांवरचे आधीचे निबंधही मागे घेण्यात आले.

असे प्रकार विरळाच. तरीही एखाद्या निष्कर्षावर कुणाचं ऑपरेशन ठरणार असेल, तर तो दुसऱ्यांनी, दुसरीकडे, नव्या रुग्णांवर तपासलेला हवा, हे या प्रकरणातून दिसतं.

मग आज डॉक्टर कशावरून अंदाज बांधतात?

ऑपरेशननंतर येणाऱ्या हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टवरून. जनुकांची नावं त्यात सहसा नसतात, पण आजार पुढे कसा वागेल याची बरीचशी माहिती त्यातच असते. घरच्यांनी डॉक्टरांना पुढचे मुद्दे जरूर विचारावेत.

- गाठ किती खोल गेली आहे? आकाराइतकीच खोलीही महत्त्वाची असते. २०१८ पासून वापरात आलेल्या पद्धतीनुसार, गाठ दोन सेंटिमीटरची असली तरी ती पाच मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर पहिल्या पायरीत धरली जात नाही.
- मानेतल्या किती ग्रंथींमध्ये कॅन्सर आहे? आणि तो ग्रंथीचं आवरण फोडून बाहेर आला आहे का?
- कापलेल्या भागाच्या कडा साफ आहेत का? म्हणजे कडेला कॅन्सरच्या पेशी शिल्लक आहेत का?
- नसांभोवती कॅन्सर पसरला आहे का?

ऑपरेशननंतर रेडिएशन द्यायचं का, सोबत केमो लागेल का, हे मुख्यतः यावरून ठरतं.

आजार खूप पुढे गेला असेल किंवा परत आला असेल, तर पीडी-एल१ या प्रथिनाची तपासणी केली जाते. इम्युनोथेरपीचा निर्णय घ्यायला तिची मदत होते. कधी कधी अनेक जनुकांची एकत्रित तपासणीही सुचवली जाते. अशा वेळी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: "रिपोर्ट काहीही आला तरी उपचार तेच राहणार असतील, तर ही टेस्ट आत्ता करायची का?" उपचार बदलणार असतील तर टेस्टवरचा खर्च सार्थकी लागेल. नसतील तर तोच पैसा उपचारांना, प्रवासाला आणि सकस आहाराला उपयोगी पडेल.

संशोधनासाठी गाठीचा नमुना मागितला तर गोष्ट वेगळी. इथल्या रुग्णांचे नमुने आणि पुढच्या काही वर्षांची त्यांची माहिती मिळाली, तरच इथल्या कॅन्सरसाठी भरवशाची टेस्ट तयार होऊ शकते.

टॉर्च आणि दोन डोळे

सुरुवातीच्या दोन रुग्णांकडे परत येऊ. त्यांच्यातला फरक ऑपरेशनच्या दिवशी ओळखणारी पक्की टेस्ट आज नाही. पण आजार किती लवकर सापडतो, यावर बरंच काही ठरतं. आणि त्यासाठी जनुकं वाचावी लागत नाहीत.

केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठी चाचणी झाली. प्रशिक्षण घेतलेले आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन लोकांचं तोंड उजेडात तपासत होते. २००५ मध्ये निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते.

तोंडात दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, विनाकारण हलणारा दात किंवा मानेत लागणारी गाठ, यातलं काहीही असेल तर डेंटिस्ट किंवा ईएनटी डॉक्टरांना दाखवायला हवं. दुखत नाही म्हणून थांबू नये, कारण सुरुवातीला हा कॅन्सर बऱ्याचदा दुखतच नाही.

जनुकांवर आधारित भरवशाची टेस्ट उद्या येईलही. तोपर्यंत तंबाखू खाणारं कुणी घरात असेल, तर त्यांना महिन्यातून एकदा आरशासमोर उभं करून, मोबाइलचा टॉर्च लावून 'आ' करायला सांगा. गालाच्या आतली बाजू, हिरड्या आणि जिभेच्या दोन्ही कडा बघायला दोन मिनिटं पुरतात.